आपोआप बसणारं काँक्रीट आणि फायबरची जोडी

३०० मिलिमीटर रुंदीचा एक कॉलम डोळ्यांसमोर आणा. आत १६ मिलिमीटरच्या सळया. इमारतीने भूकंपात तग धरावा असं वाटत असेल, तर आयएस १३९२०:२०१६ या मानकाप्रमाणे कॉलम-बीमच्या सांध्यालगत रिंगांचं अंतर कॉलमच्या रुंदीच्या पाव भागाहून जास्त ठेवता येत नाही. म्हणजे ७५ मिलिमीटर. त्यातून ८ मिलिमीटरची रिंग वजा केली की दोन रिंगांमध्ये फट उरते ६७ मिलिमीटरची. त्याच जागेत चारही बाजूंनी बीमच्या सळया घुसतात, काही वळून खाली उतरतात, कुठे लॅप येतो. या जाळ्यातून ४० मिलिमीटरची निडल आत सोडून मुकादमाने काँक्रीट बसवावं अशी आपली अपेक्षा असते. निडल वरच अडकते. मग बाहेरून सेंट्रिंगच्या फळीवर हातोडीची ठोकाठोक होते, आणि फळ्या निघाल्या की बीमच्या पोटाशी उघडी खडी दिसते. ती पोकळी त्याच दुपारी सिमेंट लिंपून बुजवली जाताना मी पाहिली आहे. लिंपणारा गवंडी वाईट माणूस नव्हता. आत काँक्रीट जाईल अशी वाटच आपण ठेवलेली नव्हती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का कोल्हापूरच्या जुन्या घरांत आजही आठवणीने सांगितला जातो. आयएस १८९३:२०१६ च्या नकाशात आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतो. त्यामुळे रिंगा दाट ठेवणं चूक नाही, ते करायलाच हवं. प्रश्न एवढाच की त्या दाट रिंगांमध्ये काँक्रीट पोचवायचं कसं, आणि पोचल्यावर तडा गेला तरी ते सांध्याला धरून कसं राहील. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एससीसी, म्हणजे व्हायब्रेटर न लावता स्वतःच्या वजनाने वाहत जाऊन आपोआप बसणारं काँक्रीट. दुसऱ्याचं उत्तर फायबर. ही दोन उत्तरं एकमेकांना सहज मानवत नाहीत. फायबर घातलं की काँक्रीटचं वाहणं कमी होतं, आणि वाहणं जपायला गेलं की फायबर कमी करावं लागतं. हा लेख त्या दोघांचा संसार कसा लावायचा याबद्दल आहे. कोल्हापूर परिसरातले साइट इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर आणि आरएमसी प्लँटवर काम करणारी तरुण मंडळी माझ्यासमोर आहेत असं समजून मी लिहितो आहे.

एससीसीची कल्पना जपानमधली. टोकियो विद्यापीठाचे हाजिमे ओकामुरा यांनी ती १९८६ मध्ये मांडली आणि १९८८ मध्ये पहिला नमुना तयार झाला. तिथे तेव्हा काँक्रीट नीट बसवणारे कुशल कामगार कमी होत चालले होते आणि बांधकामं लवकर खराब होत होती. कामगाराच्या हातावर अवलंबून न राहणारं काँक्रीट हवं, हा त्यांचा विचार होता. पुढे १९९८ मध्ये खुल्या झालेल्या आकाशी काइक्यो पुलाच्या प्रचंड अँकरेजमध्ये ते वापरलं गेलं आणि त्या कामाला लागणारा काळ अडीच वर्षांवरून दोन वर्षांवर आला. आपल्या बाजूला कारवारजवळच्या कैगा अणुऊर्जा प्रकल्पात एससीसीच्या प्रयोगशाळेतल्या आणि प्रत्यक्ष नमुना बांधकामावरच्या चाचण्या झाल्या. त्यांचा वृत्तांत २००४ मध्ये इंडियन काँक्रीट जर्नलमध्ये आला. आता आयएस १०२६२:२०१९ मध्ये एससीसीच्या मिक्स डिझाइनचं वेगळं प्रकरण आहे आणि आयएस ११९९ भाग ६:२०१८ मध्ये त्याच्या चाचण्या दिल्या आहेत. म्हणजे हे आता परदेशी कौतुक राहिलेलं नाही. मानक हातात घेऊन करायचं काम आहे.

आता फायबरकडे. दोन जातींचं फायबर का घालायचं? काँक्रीटला तडा एकदम जात नाही. आधी सिमेंटच्या लगद्यात केसाएवढ्या बारीक रेषा पडतात, बऱ्याचदा ओतल्यापासून पहिल्या काही तासांत. मग भार आला की त्यातल्या काही रेषा एकमेकींना मिळतात आणि मोठा तडा उघडतो. १२ मिलिमीटरचं पॉलिप्रॉपिलीनचं बारीक फायबर पहिल्या टप्प्यावर काम करतं, कारण ते सगळीकडे दाट पसरलेलं असतं. मोठा तडा उघडल्यावर मात्र त्याच्यात दम नसतो. तिथे ३० मिलिमीटर लांबीचं, टोकाला वाकवलेलं पोलादी फायबर तड्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतं आणि ओढलं जाता जाता ऊर्जा खातं. एक लवकर धावून येतं, दुसरं शेवटपर्यंत टिकतं. एकट्या पोलादी फायबरचा मोठा डोस घालून जे मिळतं, ते दोन्ही मिळून कमी पोलादात मिळू शकतं, आणि वाहण्यालाही कमी धक्का बसतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. फायबर घातल्याने क्यूबची ताकद फारशी वाढत नाही. पुष्कळ ठिकाणी फायबर घातलेले क्यूब दाबले जातात, आकडा जवळपास तेवढाच येतो आणि फायबर फुकट गेलं असा निष्कर्ष निघतो. फायबरचा फायदा वाकण्यात, आघातात आणि तडा गेल्यानंतरच्या वागण्यात आहे. तो मोजायचा तर बीम मोडून पाहावा लागतो. आणि सांध्यातली एकही रिंग फायबरच्या भरवशावर कमी करायची नाही. डिझाइनची सळई तशीच राहते. फायबर तिच्या जोडीला असतं.

आता जो हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो कागद घेऊन एकदा स्वतः करून पाहा. एका घनमीटरला ३० किलो पोलादी फायबर धरू, ३० मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड. पोलादाची घनता ७८५० धरली तर हे आकारमानाने ०.३८ टक्के होतं आणि फायबरची संख्या साडेसहा लाखांच्या आसपास जाते. या सगळ्या तारांचा मिळून पृष्ठभाग सुमारे ३१ चौरस मीटर, म्हणजे ३३० चौरस फूट. आता त्याच घनमीटरला फक्त ६०० ग्रॅम पॉलिप्रॉपिलीन घाला, १२ मिलिमीटर लांब, ०.०२ मिलिमीटर जाड. संख्या सतरा कोटींच्या पुढे जाते आणि पृष्ठभाग होतो सुमारे १३२ चौरस मीटर, म्हणजे चौदाशे चौरस फूट. हातात धरली तर कापसाच्या पुंजक्यासारखी हलकी वाटणारी ही पुडी ३० किलो पोलादापेक्षा चौपट पृष्ठभाग घेऊन येते. त्या सगळ्या पृष्ठभागाला सिमेंटच्या लगद्याचा लेप लागायचा असतो, आणि तो लगदा खडी वाहून नेणाऱ्या लगद्यातूनच कमी होतो. म्हणूनच पुडी टाकल्याबरोबर काँक्रीट घट्ट झाल्यासारखं वाटतं. अशा वेळी साइटवर पहिला हात पाण्याच्या नळीकडे जातो, आणि नुकसान तिथेच होतं.

पाणी वाढवलं तर ताकद जाते हे सगळ्यांना माहीत आहे. फायबरच्या एससीसीत आणखी एक घात होतो. पोलाद काँक्रीटपेक्षा तिपटीहून जड आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहूनही हलकं. लगदा पातळ झाला की पोलादी फायबर हळूहळू खाली बसतं आणि प्लास्टिकचं वर येतं. जोडी जमवायला गेलो आणि दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. फक्त अ‍ॅडमिक्शर वाढवत गेलात तरी एका मर्यादेनंतर हेच होतं. म्हणून फायबर घालायचं ठरलं की आधी लगदा वाढवायचा, खडी थोडी कमी करायची, आणि मगच पीसीई जातीच्या अ‍ॅडमिक्शरचा डोस हलवायचा.

सुरुवातीच्या चाचणीसाठी एक मिक्स देतो. हे अंतिम मिक्स नाही. तुमच्या प्लँटवरची खडी, वाळू आणि सिमेंट घेऊन त्यावर काम करायचं आहे. एका घनमीटरला ५३ ग्रेडचं ओपीसी ३८० किलो, फ्लाय अ‍ॅश १४० किलो, पाणी १८२ लिटर, क्रश सँड ९२० किलो, १२.५ मिलिमीटरपर्यंतची काळ्या दगडाची खडी ७८० किलो, पीसीई पावडरच्या सुमारे १ टक्का, पोलादी फायबर ३० किलो आणि पॉलिप्रॉपिलीन ०.६ किलो. यात सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅश मिळून पावडर ५२० किलो होते, जी ४०० ते ६०० च्या रूढ मर्यादेत आहे. पाणी आणि पावडर यांचं आकारमानाचं गुणोत्तर एकच्या जवळ येतं, ते ०.८५ ते १.१० च्या बाहेर जाऊ देऊ नका. एकूण लगदा सुमारे ३७० लिटर होतो. २० मिलिमीटरची खडी या कामात घेऊच नका. मोठी खडी आणि तारा एकत्र आल्या की सळयांच्या फटीत कमान धरतात आणि मागचं सगळं अडवतात.

आपल्याकडच्या मालाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुस्तकातलं मिक्स इथे येऊन फसतं ते मालामुळे. नदीची वाळू आता बहुतेकांच्या हिशेबातून गेली आहे. क्रश सँडचा दाणा टोकदार असतो, तो गोल वाळूइतका सहज घरंगळत नाही. पण तिच्यासोबत येणारी दगडाची बारीक पूड एससीसीच्या कामाची आहे. आयएस ३८३:२०१६ क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. ही पूड दगडाची असली पाहिजे, मातीची नको. क्रशरवरची धूळ आणि नीट घडवलेली क्रश सँड यांत फरक आहे. भाव पाहून धूळ उचलली तर ती पाणी पिते, अ‍ॅडमिक्शर पिते, आणि प्रत्येक गाडीला फ्लो वेगळा येतो.

पावसाळ्यात तर वाळूच्या ढिगाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. आपल्याकडे आषाढात ढीग दिवसचे दिवस भिजलेला असतो. वाळूत ५ टक्के ओल असेल तर ९२० किलोमध्ये ४६ लिटर पाणी झालं. त्यातलं २ टक्के, म्हणजे अठरा लिटरच्या आसपास, दगडाने स्वतः पिऊन घेतलेलं असतं. उरलेले २८ लिटर सुटं पाणी. मिक्समधल्या १८२ लिटरपैकी जवळजवळ सहावा भाग कोणी न मोजता आत गेला. साध्या काँक्रीटमध्ये एवढ्याने स्लंप वाढतो. एससीसीत सगळं मिक्स फुटतं, मध्ये खडी आणि तारांचा ढीग आणि कडेने पाणी. ढिगावर ताडपत्री टाका, आणि सकाळी एकदा व दुपारी एकदा तव्यावर पाचशे ग्रॅम वाळू भाजून वजनातला फरक काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणखी तीन माल आपल्या जिल्ह्यात मुबलक आहेत आणि लोक विचारतात म्हणून सांगतो. साखर कारखान्यांच्या बगॅसची राख बारीक दळून, चाळून, तिच्यातला न जळलेला कोळसा तपासून थोड्या प्रमाणात वापरता येते. तशीच कच्ची उचलून टाकली तर त्यातला कार्बन अ‍ॅडमिक्शर शोषून घेतो. फौंड्रीतून निघालेल्या वाळूचंही तेच. तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते, धुतल्या-तपासल्याशिवाय ती एससीसीत नको. तिसरा माल उसाचा चोथा, नैसर्गिक फायबर म्हणून. त्यात साखरेचा अंश राहतो, आणि सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही काँक्रीट बसायचा वेळ लांबवते. वरच्या मिक्समध्ये ते फक्त १९० ग्रॅम होतात. वाटेत अडकलेल्या मिक्सरच्या ड्रममध्ये काँक्रीट दगड होऊ नये म्हणून चालक साखर किंवा गूळ टाकतात, त्यामागचं कारण हेच. तेव्हा गुऱ्हाळाशेजारी खडी साठवायची वेळ आली तर जागा बदला. काचेचं फायबर कोणी सुचवलं तर ते अल्काली-रोधक, झिर्कोनिया असलेलंच आहे ना हे पाहा. साधी काच सिमेंटच्या क्षारात झिजून जाते.

मिसळण्याचा क्रम. पॉलिप्रॉपिलीन मी वाळू आणि खडीबरोबर कोरड्यातच घालायला सांगतो, म्हणजे दगडाच्या घर्षणाने पुंजके सुटतात. मग सिमेंट, फ्लाय अ‍ॅश, तीन चतुर्थांश पाणी, मग उरलेल्या पाण्यात मिसळून पीसीई. काँक्रीट वाहायला लागल्यावरच पोलादी फायबर. तेही पोतं उलटं करून नाही, तर हाताने शिंपडत, ड्रम जोरात फिरत असताना, मिनिटाला एका घनमीटरमागे वीस किलोच्या वर नाही. तारा एकमेकींना चिकटवलेल्या पट्ट्यांमध्ये मिळतात. तो चिकटा पाण्यात विरघळतो आणि तारा एकेक होऊन सुटतात. सुट्या तारांपेक्षा त्या बऱ्या, कारण सुट्या तारांचे बोंडासारखे गोळे होतात. एकदा गोळा झाला की तो ड्रममध्ये सुटत नाही, पंपाच्या जाळीवर येऊन बसतो. शेवटची तार पडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं फिरवा. साइटवरच्या छोट्या मिलरमध्ये हे काम करू नका. पॅन मिक्सर किंवा आरएमसीच हवा.

चाचण्या आधी फायबरशिवाय, मग फायबरसह, अशा दोनदा करायच्या. फायबर नसताना स्लंप फ्लो ७२० ते ७४० मिलिमीटरवर आणा. फायबर पडल्यावर तो ६६० च्या खाली जाऊ नये. कॉलम आणि भिंतींना ६६० ते ७५० चा वर्ग ठीक आहे. फ्लो किती पसरला याइतकंच तो कसा पसरला हे पाहा. जमिनीवर वाकून बघा: तारा कडेपर्यंत पोचल्या आहेत का? मध्ये तारांचा टेकू आणि भोवती नुसत्या पाण्याची कड दिसली तर आकडा कितीही चांगला असो, ती गाडी परत. एल-बॉक्समध्ये तीन सळयांची ४१ मिलिमीटरची फट ३० मिलिमीटरच्या तारेला अन्याय करते. दोन सळयांची ५९ मिलिमीटरची फट घ्या आणि शेवटच्या उंचीचं पहिल्या उंचीशी गुणोत्तर ०.८ च्या वर येतं का ते तपासा. माझा ठोकताळा असा आहे की फायबरची लांबी सर्वांत अरुंद फटीच्या निम्म्याहून जास्त नसावी. सुरुवातीच्या आपल्या कॉलममध्ये फट ६७, म्हणून तार ३०. साठ मिलिमीटरची तार स्वस्त पडते म्हणून आणली तर ती रिंगांवरच आडवी पडेल.

याहून सोपी आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची एक चाचणी कुठल्याही साइटवर होते. मापाची दहा लिटरची बादली काँक्रीटने भरा. चाळणीवर धुऊन काढा. लोहचुंबक फिरवून तारा गोळा करा, वाळवा, तोला. ३० किलोच्या डोसला बादलीत ३०० ग्रॅम निघायला हव्यात. गाडीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन बादल्या घ्या. पहिलीत दोनशे आणि शेवटचीत चारशे निघाल्या, तर सांध्यात काय गेलं हे कोणालाच सांगता येणार नाही. प्लँटशी बोलताना हा कागद हातात असला की वाद लवकर मिटतो.

पहिल्या वेळी हे सगळं एकट्याने करू नका. गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचं वालचंद यांच्या सिव्हिल विभागांशी बोला, त्यांच्या प्रयोगशाळेत चाचणी-मिक्स करता येईल का ते विचारा. विद्यार्थ्यांना प्रकल्पाला खरा विषय मिळतो आणि तुम्हाला आकडे मिळतात.

सेंट्रिंगवर इथे नेहमीपेक्षा जास्त खर्च धरा. साधं काँक्रीट ओतताना खालचा थर घट्ट होत जातो आणि फळीवरचा दाब कमी होतो. एससीसी पाण्यासारखं दाबतं. तीन मीटर उंचीचा कॉलम एका दमात भरला तर तळाशी चौरस मीटरला ७२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वासात टनांच्या आसपास दाब येतो. नेहमीचे शिकंजे आणि टेकू याला पुरत नाहीत. फळीची फट रुंद असेल तर लगदा गळून जातो आणि मागे तारा-खडी उरते. सांध्यांना फोमची पट्टी लावा. सेंट्रिंगवाल्यांना आदल्या दिवशी हे बसून समजवा. त्यांची आयुष्यभराची सवय वेगळ्या काँक्रीटची आहे.

ओतताना एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. वाहत्या काँक्रीटमध्ये पोलादी तारा प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात, ओढ्यातल्या काड्यांसारख्या. बीममध्ये हे आपल्या फायद्याचं आहे, कारण ताण लांबीच्या दिशेने येतो. म्हणून बीम एका टोकाकडून भरायला सुरुवात करा आणि दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जा. दोन टोकांकडून भरत मध्ये आलात तर दोन प्रवाहांची तोंडं जिथे भेटतात तिथे तारा एकमेकींना ओलांडत नाहीत. नेमका बीमचा मध्य, जिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त. बाहेरून काही दिसत नाही. आडवं वाहण्याचं अंतर दहा मीटरच्या आत ठेवा. आणि सवयीने कोणी निडल आत घातली तर तिथल्या तिथे थांबवा. निडलभोवती तारा बाजूला होतात, नुसता लगदा गोळा होतो. क्यूब भरतानाही रॉडने ठोसायचं नाही. एका वेळी भरायचं आणि वर सपाट करायचं.

आता हे कुठे वापरायचं. माझं स्पष्ट मत आहे की साध्या बंगल्याच्या स्लॅबला याची गरज नाही. तिथे तेच पैसे कव्हर ब्लॉक, चांगलं सेंट्रिंग आणि दहा दिवस पाणी मारण्यावर घाला. उतार असलेल्या गच्चीला आणि जिन्याला एससीसी नकोच, ते उतारावर थांबत नाही. पण कोल्हापुरात तीन-चार जागा अशा आहेत की जिथे याच्यासारखं दुसरं काही नाही. पहिली, बहुमजली इमारतींचे कॉलम-बीम सांधे, ज्यावर आतापर्यंत बोललो.

दुसरी, जुन्या कॉलमचं जॅकेटिंग. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी दिवसेंदिवस घरांत उभं राहिलं, आणि नदीकाठच्या पुष्कळ इमारतींचे तळमजल्याचे कॉलम आज फुगलेले, सळई गंजलेले आहेत. आयएस १५९८८:२०१३ प्रमाणे कॉलमभोवतीचं जॅकेट किमान १०० मिलिमीटर जाड असतं. त्यातून ४० मिलिमीटर कव्हर, रिंग आणि सळई वजा केली की जुन्या कॉलमपर्यंत जेमतेम ३६ मिलिमीटरची फट उरते. तिथे निडल जाणं अशक्य. इथे ३० मिलिमीटरची तारही चालत नाही. १३ मिलिमीटरचं सरळ, बारीक पोलादी फायबर घ्या, खडी १० मिलिमीटरपर्यंतची, आणि जोडीला पॉलिप्रॉपिलीन. नवं काँक्रीट आकसताना जुन्यापासून सुटायला बघतं; ते धरून ठेवायला बारीक फायबर उपयोगी पडतं. मात्र आधी गंजलेली सळई उघडी करून साफ करणं, जुना पृष्ठभाग खरवडणं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भार तपासून घेणं यांना पर्याय नाही. गंजावर फायबरचं काँक्रीट ओतलं तर आतला गंज चालूच राहतो.

तिसरी जागा आपल्या औद्योगिक वसाहती: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले. हॅमर आणि प्रेससारख्या यंत्रांच्या पायात बोल्टच्या खिशांभोवती सळयांची दाटी असते आणि वरून सतत आघात. हे मिक्स तिथे चपखल बसतं. फौंड्रीच्या जमिनीबद्दल मात्र सावध करतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या जागी राहिलेल्या बारीक नळ्यांतून वाफ बाहेर पडते, म्हणून अचानक तापलेलं काँक्रीट फुटून उडण्याचा धोका कमी होतो. पण चौदाशे-पंधराशे अंशांचा वितळलेला लोखंडाचा रस जिथे सांडतो तिथे कुठलंही साधं काँक्रीट उघडं ठेवू नका. तिथे वाळूचा थर किंवा उष्णतारोधक विटाच हव्यात. हा कामगारांच्या पायांचा प्रश्न आहे.

चौथी, ज्याच्या नावातच कोल्हापूर आहे तो बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खांबांना बरगे बसवायच्या खाचा असतात. दरवर्षी बरगे घालताना-काढताना आणि पुरात ओंडके आदळताना त्या खाचांच्या कडा फुटतात, मग बरगा नीट बसत नाही आणि पाणी गळतं. दुरुस्तीत त्या अरुंद जागेत वाहत जाणारं आणि कड न सोडणारं काँक्रीट हवं असतं. पाण्यात राहणाऱ्या पृष्ठभागावरच्या पोलादी तारांना गंजाचे ठिपके पडतात. ते आत खोल जात नाहीत, पण नको असतील तर तिथे पोलादाऐवजी जाड कृत्रिम फायबर वापरता येतं.

क्युरिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो. एससीसीवर पाणी सुटून वर येत नाही, म्हणून चैत्र-वैशाखाच्या कोरड्या वाऱ्यात त्याचा पृष्ठभाग तासाभरात सुकायला लागतो. सपाट केल्याबरोबर प्लास्टिक टाका, आणि घट्ट झाल्यावर ओलं गोणपाट. फ्लाय अ‍ॅश असल्याने आयएस ४५६ प्रमाणे किमान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा.

शेवटी बीमच्या चाचणीकडे या. १०० बाय १०० बाय ५०० मिलिमीटरचे निदान सहा बीम भरा, तीन फायबरचे आणि तीन त्याच मिक्सचे फायबरविना. अठ्ठावीस दिवसांनी मोडताना मुकादम आणि सेंट्रिंगवाल्यांनाही बोलवा. फायबर नसलेला बीम कडकन दोन तुकडे होऊन पडतो. फायबरचा तडकतो, पण खाली पडत नाही. भार घेत हळूहळू वाकतो. मग त्याला हाताने ओढून वेगळा करा आणि तुटलेल्या तोंडावर नीट नजर फिरवा. तारा बाहेर आलेल्या दिसतील. त्यांची वाकडी टोकं सरळ झाली असतील तर त्या शेवटपर्यंत ओढत राहिल्या, जोडी जमली. टोक तसंच वाकडं आणि तार मधून तुटलेली असेल तर लगद्याची पकड तारेच्या ताकदीपेक्षा जास्त झाली आहे, अधिक ताकदीची तार मागवा. आणि तोंडावर वरच्या अर्ध्यात एकही तार नसेल, सगळ्या खालीच असतील, तर मिक्समधलं पाणी पुन्हा मोजा, वाळूच्या ढिगापासून.